मतदार यादी, शपथपत्रे की गैरप्रकारांवर नजर? नागरिक गटाने आधी कोणते काम घ्यावे

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका विश्वासार्ह व्हाव्यात, यासाठी कोणत्याही पक्षाचे न होता काम करू इच्छिणाऱ्या आठ-दहा जणांच्या गटापुढे महाराष्ट्रात मुख्यतः तीन मार्ग असतात: मतदार यादीची पडताळणी, उमेदवारांच्या शपथपत्रांतील माहिती मतदारांपर्यंत पोहोचवणे आणि प्रचार व मतदानाच्या काळातील गैरप्रकारांवर लक्ष ठेवणे. तिन्ही कामे एवढ्या मनुष्यबळात नीट होत नाहीत. शहरात राहणाऱ्या गटाने यादीला पहिली पसंती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

राज्य निवडणूक आयोग या निवडणुकांसाठी स्वतंत्र यादी तयार करत नाही. तो विधानसभेची यादी घेऊन तिचे प्रभागनिहाय विभाजन करतो. त्यामुळे प्रारूप यादीवर हरकती मागवल्या जातात तेव्हा शेजारच्या प्रभागात गेलेले नाव परत आणता येते किंवा विभाजनात सुटलेले नाव घेता येते, परंतु विधानसभेच्या यादीतच नसलेले नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही आणि मयत व्यक्तीचे नाव वगळताही येत नाही. ती कामे नमुना 6 (नाव नोंदणी), 7 (नाव वगळणे) आणि 8 (दुरुस्ती व स्थलांतर) भरून त्याआधीच करावी लागतात. महापालिकांचे मतदान 15 जानेवारी 2026 रोजी झाले, पण त्यासाठी 1 जुलै 2025 ची यादी ग्राह्य धरली होती; म्हणजे त्यानंतर नाव नोंदवलेल्या माणसाला साडेसहा महिने हाती असूनही मत देता आले नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर जागा होणारा गट इथे उशिराच पोहोचतो.

या कामात एक धोकाही आहे. दुबार आणि स्थलांतरित नावांचा शोध घेताना केवळ ऐकीव माहितीवर नमुना 7 चे अर्ज गठ्ठ्याने भरले गेले, तर खऱ्या मतदाराचा हक्क जाऊ शकतो, आणि खोटे निवेदन करणे हा गुन्हाही आहे. म्हणून गटाने वगळण्यापेक्षा नोंदणीवर भर द्यावा आणि संशयास्पद नावे घरोघरी जाऊन तपासल्यावर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना लेखी कळवावीत.

शपथपत्रांचे काम तुलनेने थोड्या दिवसांत होते. गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण उघड करण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे आली, आणि त्या लढ्यामागे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही नागरिकांचीच संघटना होती. अडचण वेळेची आहे: अर्जांची छाननी आणि मतदान यांत फारसे दिवस नसतात, शिवाय मुंबईबाहेरील महापालिकांत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे असल्यामुळे एकाच मतदाराला चार जागांचे उमेदवार पारखावे लागतात. सर्व उमेदवारांची माहिती एकाच तक्त्यात, स्वतःच्या शेऱ्याविना दिली तरच तिच्यावर विश्वास बसतो. मुंबईत विद्यमान नगरसेवकांच्या कामगिरीसाठी प्रजा फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या अहवालांचा आधार घेता येतो. इतर शहरांत सभांची इतिवृत्ते माहिती अधिकारात मिळवावी लागतात आणि त्याची तयारी वर्षभर आधीपासून हवी.

तिसरा मार्ग सर्वांत अवघड आहे. मतदान केंद्रात उमेदवारांच्या प्रतिनिधींना बसता येते, त्रयस्थ नागरिक गटाला नाही. आणि जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकांत व्हीव्हीपॅटही नव्हते, त्यामुळे आपले मत कुठे नोंदले गेले हे मतदाराला चिठ्ठीवर पाहता आले नाही. बाहेरून दिसते तेवढेच नोंदवता येते. तरीही ग्रामपंचायतीत हाच मार्ग सर्वांत परिणामकारक ठरू शकतो. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंच व सदस्यपदांचा लिलाव झाल्याचे समोर आल्यावर आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. तिथे मतदार यादी कितीही निर्दोष असती तरी उपयोग नव्हता, कारण लिलावात ठरलेल्यांना बिनविरोध निवडून मतदानाची वेळच येऊ दिली जात नव्हती.

तेव्हा शहरी प्रभागात आणि हाती सहा महिने किंवा अधिक असतील तर यादी घ्यावी. कार्यक्रम जाहीर झाला असेल तर शपथपत्रे घ्यावीत. आणि लहान गावात बिनविरोध निवडीच्या बैठका सुरू झाल्या असतील तर तारीख, ठिकाण आणि चित्रीकरणासह तहसीलदार व आयोग या दोघांकडे लेखी तक्रार करावी, मात्र ती एकट्याच्या नावाने न करता अनेकांच्या सह्यांनी करावी, कारण तक्रारदाराला त्याच गावात राहायचे असते.