काकांची लूना: रिस्टोअर करून तिन्ही ऋतू चालवल्यानंतर

८०च्या दशकातली कायनेटिक लूना आहे, मोठ्या काकांची, घरामागे टिनाखाली पडून होती. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केली तेव्हापासून नागपुरात धरमपेठ ते सीताबर्डी, कधी मूड आला तर फुटाळा तलाव, अशी चालवून राहिलो. भेटेल तो पहिले हेच विचारते का पेंट कुठून मारला. पेंट मारलाच नाही बावा!

टाकीचा मूळ रंग, बिल्ला, पॅडल, स्पीडोमीटर हे एकदा गेलं की गेलं. डुप्लिकेट माल मिळते पण पत्रा पातळ अन् भोकं जुळत नाहीत. म्हणून रंगाला साबणपाणी, मग हलक्या हाताने रबिंग कंपाउंड अन् वॅक्स, बस. गंज जिथं पत्रा खाऊन राहिला होता तेवढाच घासून प्रायमर लावला. मिस्त्री म्हणे भाऊ पावडर कोटिंग करून घ्या, नव्यावानी दिसते. दिसते ना, पण मंग ते काकांची गाडी कुठं राहिली? काढलेला प्रत्येक पार्ट, तुटका असला तरी, चिठ्ठी लावून डब्यात ठेवला आहे.

टायर, ब्रेक शू, केबल, ऑइल सील यात मात्र ओरिजिनलचा हट्ट नका धरू, उगाच जीव धोक्यात. पेट्रोलच्या नळीचं तर खासच, कारण आता पंपावर इथेनॉलवालं ई२० येते, ते जुन्या रबराला फुगवते अन् हवेतली ओल पण ओढते, त्यामुळे नळी इथेनॉल चालणारीच घ्यायची अन् गाडी काही दिवस उभी राहणार असली तर कॉक बंद करून कार्बोरेटरातलं पेट्रोल जाळून टाकायचं. हे करून राहिलो तवापासून जेट, म्हणजे कार्बोरेटरातलं पेट्रोलचं बारीक भोक, तुंबला नाही.

इंजिन ५० सीसीचं टू-स्ट्रोक, पिस्टन जुनाच ठेवला, फक्त रिंगा बदलल्या. प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडते-तोडते ते सीबी पॉइंट साफ केले, त्याच्या जोडीचा कंडेन्सर नवा. थंडीत पॅडल मारलं की लगेच घेते. मे महिन्यात दुपारी मात्र गरम झाल्यावर बंद केली की सावलीत थोडी थांबू द्यावी लागते, ४५ डिग्रीत आपलंही तेच होते म्हणा. रात्री नेत नाही, लाइट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिन फिरते त्या करंटवर चालते, सिग्नलला थांबलं का मिणमिण.

कागदाचं बी सांगतो. सरकारी नियमात विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांच्या वरची गाडी, २०२१ च्या नियमात तिला व्हीए सिरीजचा वेगळा नंबर ठेवला आहे. लूना आलीच १९७२ मध्ये, म्हणजे अगदी सुरुवातीच्या तेवढ्या बसतील. आपली नाही बसत, तिचं साधं आरसी रिन्यूअल, दर ५ वर्षांनी. चेसिस नंबर मात्र वाचता आला पाहिजे, म्हणून त्या जागेवर घासाघासी करूच नका, पुसट असला तर रॉकेलच्या फडक्यानं पुसा.

आता सायलेन्सरात कार्बन भरून राहिला वाटते, चढावर दम कमी पडते. पाऊस लागायच्या आत तो उतरवून साफ करतो, अन् नट अडकला तर तोडणार नाही, रातभर तेलात ठेवीन.