स्टँडमागचं सलून

दिवाळीत गावी गेलो तेव्हा माझे आणि मुलाचे केस तालुक्याच्या एस. टी. स्टँडमागच्या सलूनमध्ये कापले. तीन खुर्च्या, एक बाकडं. कटिंग ८० रुपये, दाढी ५०. प्रत्येक गिऱ्हाइकाला समोर नवं ब्लेड लावतात, शेवटी तुरटी फिरवतात. कात्रीचा हात फार चांगला, कानामागची कड अगदी सरळ. रविवारी तासभर थांबायची तयारी ठेवा.

आमच्या गावातल्या दुकानात माझ्या वडिलांना तोंडावर 'नाही' असं कुणी म्हटलं नाही. "आज वस्तऱ्याला धार नाही," एवढंच म्हणायचे. ती धार कधी आलीच नाही. कडुनिंबाखाली पोतं टाकून आजी त्यांचे केस कापायची. साताऱ्यात लहानपणी बाबासाहेबांचे केस त्यांची बहीण कापायची, हे मी वाचून दाखवलं तेव्हा वडील बराच वेळ गप्प होते.

कायदा तेव्हाही होता. संविधानाच्या कलम १५(२) प्रमाणे जातीवरून कुणाला दुकानात, हॉटेलात जायला अडवता येत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अस्पृश्यतेपोटी सेवा नाकारणं हा गुन्हा आहे: एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. पण ज्यांच्या शेतात रोजानं जायचं त्यांच्याच गावात तक्रार कोण करणार? आणि वस्तऱ्याला धार होती हे ठाण्यात सिद्ध कसं करणार?

या सलूनवाल्या दादांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सुरुवातीला मलाही दोघं-तिघं सांगून गेले, त्यांचा टॉवेल वेगळा ठेव, नाहीतर आम्ही येणार नाही. म्हटलं, नका येऊ." गावानं वाळीत टाकायची भीती दुकानदारालाही असते, हे मला तेव्हा नीट कळलं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा वेगळा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. दादांना तो माहीत नव्हता, मी फोनवर काढून दाखवला.

मी पाचपैकी पाच तारे देतोय. बाकडं अरुंद आहे, तरीही.

आमच्या आधी एक फेटेवाले आजोबा बसले होते. ते उठले, दादांनी त्यांच्या अंगावरचा कपडा दारात झटकला, "चला छोटे, तुमचा नंबर," म्हणाले आणि तोच माझ्या मुलाच्या गळ्याभोवती बांधला.