एनएम, रीडएल्फ की ऑब्जडम्प: लिंकर अडला की आधी कोणाला विचारायचं?

लिंकरने (कंपाइल झालेल्या फाइली जोडून प्रोग्रॅम बनवणारं टूल) 'अनडिफाइन्ड रेफरन्स', म्हणजे वापरलेलं नाव कुठे सापडत नाही, म्हणून हात वर केले की बरेच जण थेट ऑब्जडम्प मायनस डी मारतात, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या मशीन इन्स्ट्रक्शन्स छापतात, स्क्रीनवरून हजारो ओळी धावत जातात आणि पाच मिनिटांनी माणूस परत सोर्स कोड वाचत बसतो. टीममधल्या नवीन पोरांना असं अडकलेलं बघितलं की खरंच वाईट वाटतं, कारण उत्तर त्याच फाइलमध्ये असतं, फक्त विचारलेलं चुकीच्या टूलला असतं. एनएम, रीडएल्फ आणि ऑब्जडम्प ही तिन्ही टूल्स जीएनयू बिनयुटिल्स या संचातलीच आहेत, लिनक्सवर जीसीसी टाकलं की सोबतच येतात, म्हणजे इन्स्टॉल काय करू हा प्रश्न नाहीच, आधी काय चालवू एवढाच आहे.

माझं स्पष्ट मत, आधी एनएम. युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून हे आहे आणि काम एकच करतं, फाइलमध्ये कुठली नावं आहेत ते सांगतं. नावाआधी एक अक्षर येतं, तेवढं वाचता आलं की अर्धं काम झालं. कॅपिटल टी म्हणजे फंक्शन इथेच आहे आणि बाहेरच्यांना दिसतं, स्मॉल टी म्हणजे आहे पण स्टॅटिक, बाहेर दिसणार नाही, आणि यू म्हणजे वापरलंय पण यायचंय दुसरीकडून. फोल्डरभर डॉट ए फाइली (स्टॅटिक लायब्ररी) असतील तर मायनस कॅपिटल ए लावून सगळ्यांवर चालवा आणि ग्रेपने नाव शोधा, कुठल्या लायब्ररीत फंक्शन आहे ते लगेच कळतं. आणि टी दिसतोय तरी लिंकर रडतोय? मग कमांडमधला क्रम बघा, स्टॅटिक लायब्ररी ती वापरणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलच्या (कंपाइल झालेली डॉट ओ फाइल) नंतर लिहायला लागते, आधी लिहिली तर त्या वेळी कोणी काही मागितलेलंच नसतं म्हणून लिंकर ती तशीच सोडून पुढे जातो.

सी आणि सी प्लस प्लस एकत्र असलं की एनएम अजूनच कामाला येतं. दोन इंट घेणारं ॲड हे फंक्शन सी प्लस प्लसमध्ये अंडरस्कोर, कॅपिटल झेड, ३, ॲड आणि शेवटी दोन आय अशा नावाने मागितलं जातं, आणि सी लायब्ररीत मात्र ते साधं ॲड म्हणून बसलेलं असतं. दोन्हीकडचं एनएम शेजारी ठेवलं की हेडरमध्ये एक्सटर्न सी (नाव सीसारखं साधंच ठेव, असं सी प्लस प्लसला सांगणारी खूण) लिहायचं राहून गेलंय हे दिसतंच. मायनस कॅपिटल सीने नावं वाचायला सोपी होतात, पण असा घोळ शोधताना तो ऑप्शन लावू नका, फरक पटकन डोळ्यात भरत नाही. डॉट एसओवर (शेअर्ड लायब्ररी) 'नो सिम्बॉल्स' आलं तर घाबरू नका, ती स्ट्रिप केलेली, म्हणजे नावांची यादी काढून टाकलेली असते, मायनस कॅपिटल डी लावा, डायनॅमिक नावं, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागणारी, तरी शिल्लक असतातच.

रीडएल्फ कधी? प्रश्न फंक्शनचा नसून आख्ख्या फाइलचा असेल तेव्हा. मी एकदा उबुंटू २२.०४ वर बिल्ड केलेला प्रोग्रॅम २०.०४ च्या सर्व्हरवर टाकला आणि 'जीलिबसी २.३४ (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) सापडत नाही' म्हणून तो सुरूच होईना, आणि मी तर कोडमध्ये नवीन काहीच वापरलं नव्हतं! रीडएल्फ मायनस कॅपिटल डब्ल्यूसोबत डायन-सिम्स दिल्यावर कळलं की मेनच्याही आधी चालणाऱ्या लिबसी स्टार्ट मेनलाच २.३४ चं व्हर्जन चिकटलंय, आणि २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ असतं. जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये बिल्ड केलं, चाललं. मायनस स्मॉल डीने कुठल्या लायब्ररी लागतात आणि रनपाथ (त्या लायब्ररी शोधायची जागा) काय ते दिसतं, मायनस एचने फाइल कुठल्या प्रोसेसरची ते. याची मर्यादा एकच, एल्फ (लिनक्सवरच्या प्रोग्रॅम फाइलींचा फॉरमॅट) सोडून दुसरा फॉरमॅट कळत नाही. पण रास्पबेरी पायची (आर्म प्रोसेसरवाला छोटा कॉम्प्युटर) फाइल इंटेल लॅपटॉपवरसुद्धा नीट वाचून देतं.

लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारं एलडीडी का नाही असं कोणी विचारेल म्हणून सांगते, अनोळखी फाइलवर एलडीडी चालवू नका, काही परिस्थितीत तो प्रोग्रॅमच चालू होऊ शकतो, मॅन पेजमध्येच तशी वॉर्निंग आहे.

ऑब्जडम्प शेवटी, म्हणजे कंपायलरने नक्की कुठल्या इन्स्ट्रक्शन्स काढल्या ते बघायचं असेल तेव्हाच, कारण हे काम बाकी दोघांना जमतच नाही. आख्खी फाइल ओतू नका, डिसअसेंबल ऑप्शनला बरोबरच्या चिन्हाने फंक्शनचं नाव द्या. डॉट ओ फाइल असेल तर मायनस डीसोबत आर पण लावाच. नाहीतर इंटेलवर कॉल इन्स्ट्रक्शन लगेच पुढच्याच ओळीवर उडी मारतेय असं दिसतं आणि माणूस कंपायलरला दोष देत बसतो, खरं तर पत्त्याच्या जागी अजून शून्यं असतात, ती लिंकर नंतर भरतो, आर लावलं की तिथे कोणाचं नाव येणार ते दिसतं. आणि त्याच रास्पबेरी पायच्या फाइलवर साधं ऑब्जडम्प 'आर्किटेक्चर अननोन' म्हणून थांबू शकतं, तिथे आर्म ६४ वालं क्रॉस (दुसऱ्या प्रोसेसरच्या फाइलींसाठीचं) ऑब्जडम्प किंवा एलएलव्हीएमचं लागतं.

मॅकवर असाल तर रीडएल्फ विसरा, लायब्ररी बघायला ओटूल मायनस कॅपिटल एल. एनएम तिथेही आहे, फक्त सीच्या नावांआधी एक जास्तीचा अंडरस्कोर दिसेल, तो तिकडे असतोच.