रॉटवायलरसाठी जाळीचं मुसकं: आठ महिने वापरून

तारा आमची रॉटवायलर. चार वर्षांची, वजन ४२ किलो. पाथर्डी फाट्याजवळ चौथ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे दिवसातून तीनदा लिफ्टने खाली-वर. आजवर तिने कुणाला दात लावलेला नाही. तरी लिफ्टचं दार उघडलं की समोरची माणसं दोन पावलं मागे सरतात, आणि ते मला लागतं.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने रॉटवायलर, पिटबुल अशा जातींच्या विक्री-प्रजननावर बंदी घालायला राज्यांना कळवलं, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर तेच चाललं होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं. मला हायसं वाटलं. पण माझा मेव्हणा वकील आहे, तो म्हणाला, "दाजी, यादी राहो न राहो, कलम २९१ आहेच." भारतीय न्याय संहितेचं हे कलम जातीचं नावच घेत नाही. आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवते आणि मालकाने पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चावा घेईपर्यंत थांबायचं नसतं, हयगय हाच गुन्हा. मुसकं घालाच असं त्यात लिहिलेलं नाही, पण लिफ्टमध्ये मला दुसरी खबरदारी सुचेना. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना आधीपासून होताच.

आधी चुकलो. दुकानदाराने दिलेलं नायलॉनचं, तोंड आवळून धरणारं घेतलं. कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि मी तिचं तोंडच बांधलं. एप्रिलमध्ये सकाळी साडेनऊला तारा जिन्यापाशी बसली ती उठेचना. ते ओढून काढलं, पोटाला ओलं फडकं लावलं. आठवलं की अजून कसंतरी होतं. असलं मुसकं दवाखान्यात इंजेक्शनपुरतं वापरायचं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

मग हे घेतलं, १,४५० रुपयांना. तारेची जाळी, वर रबराचा थर, मागे चामडी पट्टा. आत जीभ पूर्ण बाहेर येते, पाणी पिता येतं, फटीतून बिस्किटाचा तुकडाही देता येतो. पहिले दहा दिवस बक्कल लावलंच नाही, जाळीला आतून दही लावून नुसतं पुढे धरायचो. आता हातात घेतलं की तीच नाक घालते.

उणिवा आहेत. पावसाळ्यात पट्टा कडक झाला, तेल लावावं लागलं. नाकावरची नमद्याची पट्टी तिसऱ्या महिन्यात सुटली आणि तिथले केस झिजले. बायकोने जुन्या सुती साडीची घडी शिवून बसवली, तेव्हापासून त्रास नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मूळच्या निफाडच्या. एकदा लिफ्टमध्ये म्हणाल्या, "अगंबाई, हे तर मळणीच्या बैलाचं मुसकं!" आणि पहिल्यांदाच ताराच्या डोक्यावरून हात फिरवला.

घ्यायचं असेल तर नाकाची लांबी आणि घेर स्वतः मोजा, घेर मोजताना कुत्र्याचं तोंड उघडं असू द्या. दुकानातल्या 'लार्ज'वर जाऊ नका, आम्हाला त्याच्या पुढचं माप लागलं.