लिक्विड नायट्रोजनने बुश बसवणं: दारूखान्यातले दहा महिने

ऑक्टोबरात लिक्विड नायट्रोजनचा कॅन गाळ्यात आला तेव्हा आमचे अण्णा त्याला एक फेरी मारून म्हणाले, "अरे, हा तर गावाकडे रेतनाचा डॉक्टर आणायचा तो कॅन!" तोच. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वापरतात तसा दहा लिटरचा, दुहेरी भिंतीचा, मधे निर्वात पोकळी असलेला. अण्णांनी चाळीस वर्षं घणाने बुश (दांडा ज्यात फिरतो ते धातूचं पोकळ अस्तर) ठोकलेत, त्यामुळे त्यांना हा सगळा पोरखेळ वाटत होता.

आमचं काम मुंबईत रे रोडच्या दारूखाना भागात, मुख्यतः मासेमारीच्या ट्रॉलरचं: सुकाणूचे, विंचचे, रोलरचे बुश बदलायचे. टाईट बुश बसवायला दोन जुने रस्ते आहेत. ठोका, नाहीतर हाउसिंग (बुश ज्यात बसतो तो भाग) तापवा. ठोकताना बुश तिरका शिरला की बोअरला, म्हणजे हाउसिंगच्या भोकाला, ओरखडा पडतो आणि तोंडाची कड दबते. तापवायचं म्हटलं तर सुकाणूच्या नळीभोवती लाकूड, फायबर, रंग आणि खाली डिझेल-पाणी साचलेलं. तिथे टॉर्च लावायला माझी छाती होत नाही. मग नळी आहे तशी ठेवून बुशच आकसवायचा, एवढाच यातला विचार.

नायट्रोजन उणे 196 अंशांना उकळतो. त्यात बुडवला की 80 मिमी बाहेरच्या मापाचा गनमेटलचा (एक प्रकारचं कांसं) बुश पाव मिमीच्या आसपास लहान होतो. तेवढंच पोलाद असेल तर 0.16. आम्ही बुश बोअरपेक्षा सहा शतांश मिमी मोठा ठेवतो, म्हणजे गार बुशाला दीड दशांशाहून जास्त मोकळीक मिळते. पहिला बुश मी अक्षरशः दोन बोटांनी (हातमोजे घालून) आत सोडला. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त घण उचलून कोपऱ्यात ठेवला.

कॅनचं तोंड अरुंद, त्यात बुश जात नाही. म्हणून स्टीलचा डबा मासळीच्या थर्माकोल पेटीत बसवून त्यात ओततो. बुश तारेला टांगून सोडायचा. आधी बराच वेळ शांतपणे खदखदतं, मग शेवटी एकदम उसळी येते आणि सगळं निवतं. ही उसळी म्हणजे बुश गार झाला. घड्याळापेक्षा मी तिच्यावर भरवसा ठेवतो. एक किलो धातूमागे साधारण अर्धा लिटर उडून जातो, डबा गार करायचा खर्च वेगळा.

ठोकताना चूक झाली तर थांबता येतं. इथे ती सोय नाही. गार बुश नळीला टेकला की काही सेकंदांत आवळतो. अर्ध्यावर अडकला की तो कापूनच काढायचा. तसे दोन कापलेत. दोन्ही वेळा चूक गारव्याची नव्हती. एकदा बोअरच्या तोंडाची बर (कापताना उभी राहिलेली धारदार कड) राहिली होती, एकदा ग्रीसचं भोक कुठे येणार याची खूण केली नव्हती आणि ऐनवेळी मी बुश फिरवत बसलो. आता आधी कोरडी तालीम करतो. कोण तार धरणार, कोण मार्गदर्शक दांडी लावणार, बोअरमधल्या पायरीला बुश कुठे टेकणार, हे सगळं ठरतं आणि मगच नायट्रोजन ओततो.

दुसरं, बसल्यावर बुश आतूनही आवळतो. आतलं माप आधीच पुरं केलं असेल तर शाफ्ट जाणार नाही. आम्ही आत थोडं मटेरियल ठेवतो आणि बसल्यावर रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) मारतो.

हिवाळ्यात सगळं छान चाललं. खरी परीक्षा पावसाळ्यात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, म्हणजे आमचा धंदा नेमका तेव्हाच. आणि मुंबईची हवा तेव्हा पिळून काढावी अशी ओली. बुश बाहेर काढला की क्षणात पांढरा होतो, आणि ते हिम खडबडीत, मोकळीक खाऊन टाकणारं. नळीवर पाणी सुटतं, ते बुशाला लागून गोठतं. यावर उपाय मिळाला तो साधाच: पेटी नळीच्या अगदी जवळ न्यायची, वर ताडपत्री, बोअर कोरडा पुसून पातळ तेलाचा हात, आणि काढल्याबरोबर आत.

पण पेटी जवळ म्हणजे बोटीच्या पोटात न्यायची नाही. एक लिटर नायट्रोजनचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो, त्याला वास नाही, गार असतो म्हणून तळाशी साचतो. हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो, तो 19.5 च्या खाली गेला की माणूस धोक्यात, आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. बुश डेकवर किंवा यार्डात गार करायचा आणि तिथून खाली द्यायचा. आता छोटा ऑक्सिजन मीटर घेतलाय, मी तो आधी घ्यायला हवा होता. कॅन बंद टॅक्सीत आणायचा नाही, उघड्या टेम्पोतून आणतो. झाकण घट्ट दाबायचं नाही. पॅन्ट बुटाच्या बाहेर, सैल चामड्याचे हातमोजे.

माझा सर्वांत महागडा मूर्खपणा जानेवारीतला. पितळेच्या नळीत रबर असलेलं शाफ्टचं बेअरिंग मी सरळ बुडवलं. रबर काचेसारखं कडक झालं आणि पितळेपासून सुटलं. नवं आणून दिलं, स्वतःच्या खिशातून. बॉल बेअरिंगही मी यात घालत नाही, ते तापवूनच बसवतो. गार पोलादावर हातोडाही नको, थंडीत ते ठिसूळ होतं.

लहान बुशांना सुका बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पुरतो. तो उणे 78.5 अंशांचा, त्यात तोच 80 चा बुश 0.15 मिमीच्या आसपास आकसतो. फिट हलका असेल तर मी आता तोच वापरतो, कारण नायट्रोजन भरून ठेवला आणि काम लांबलं तर पैसे हवेत जातात. पुरवठादाराने सांगितलेल्या दिवसांच्या निम्म्यातच माझा कॅन रिकामा होतो, कदाचित आमच्या सारख्या उघडझापीमुळे.

नारळी पौर्णिमेच्या आधी तांडेल मंडळींची (बोटी चालवणाऱ्यांची) घाई सुरू झाली तेव्हा अण्णाच सांगत आले, "दोन सुकाणू एकत्र घे, एका भरणात होतील." तसं केलं, तर तीन झाले.