मॉडेल पाणबुडीचा बॅलास्ट पंप बदलताना: गिअर, रोलर की दुसरं काही?

जुना बॅलास्ट पंप (टाकीत पाणी भरून बोट बुडवणारा आणि ते उपसून वर आणणारा) बंद पडला की बहुतेक जण मिनिटाला किती पाणी उचलतो हे पाहून नवा पंप निवडतात. हा आकडा कामाचा आहे, पण पहिला नव्हे. पाणबुडी बुडवायला पंप थोडाच वेळ चालतो आणि बाकीचा सगळा वेळ बंद असतो. म्हणून खरा प्रश्न असा, की वीज बंद असताना टाकीतलं पाणी धरून कोण ठेवणार? पंप स्वतः, की वेगळा व्हॉल्व्ह? याचं उत्तर ठरलं की निम्मी निवड तिथेच होते.

आधी तुमची टाकी ओळखा

कोरड्या कप्प्यात मऊ पिशवी असेल, तर पिशवी भरताना कप्प्यातली हवा दाबली जाते. कप्प्यात २ लिटर मोकळी हवा आहे आणि पिशवीत ४०० मिली पाणी घेतलं, तर हवेला १.६ लिटरच जागा उरते. आतला दाब सव्वा पट होतो, म्हणजे बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.२५ बार जास्त. २ मीटर खोलीवर बाहेरचं पाणी साधारण ०.२ बारने आत रेटत असतं. हे आकडे किरकोळ आहेत, कुठलाही बरा पंप पेलतो. मात्र दाब सतत असतो आणि त्याची दिशा बदलते. पृष्ठभागाजवळ भरलेली पिशवी पाणी बाहेर ढकलते, तर खोलात रिकाम्या पिशवीत पाणी आत शिरू पाहतं.

बंद, कडक टाकीचं गणित वेगळं. ५०० मिलीच्या हवाबंद टाकीत ४०० मिली पाणी भरलं, तर हवा पाचव्या हिश्शात कोंबली जाते आणि दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ४ बारने वाढतो. मऊ सिलिकॉन नळीचा छोटा रोलर पंप इथे हात टेकतो. अशा टाकीला चांगल्या बनावटीचा गिअर पंप, पक्की नळी आणि ठरावीक दाबाला पंप बंद करणारा प्रेशर स्विच हवा. त्यामुळे पुढची तुलना मुख्यतः पिशवीवाल्यांसाठी आहे.

गिअर पंप

दोन दातेरी चाकं एकमेकांत फिरतात, पोलॅरिटी (मोटरीची धन-ऋण टोकं) उलटी केली की पाणी उलटं जातं. एकच पंप भरतो आणि उपसतो, हा त्याचा मोठा गुण. वेगही चांगला. मिनिटाला ६०० मिली देणारा पंप ४०० मिलीची पिशवी ४० सेकंदांत भरतो, आणि मॉडेलला हा वेग शोभून दिसतो.

दोष तिथेच आहे जिथे अचूकता आहे. दाते आणि आवरण यांच्यात बारीक फट असते, तीतून पाणी हळूहळू परत झिरपतं. भरलेली बोट पाच-दहा मिनिटांत आपोआप वर येऊ लागली, तर पंप बिघडलेला असेलच असं नाही. हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून गिअर पंपासोबत व्हॉल्व्ह धरूनच जागेचा आणि वजनाचा हिशेब करा.

व्हॉल्व्ह घेताना दोन ठिकाणी फसगत होते. सोलेनॉइड म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारा व्हॉल्व्ह. त्यातल्या पायलट प्रकाराला (पाण्याच्याच दाबाची मदत घेणाऱ्या) उघडण्यासाठीच काही किमान दाब लागतो. आपल्या ०.२५ बारवर तो नुसता टक् करतो, उघडत नाही. शून्य दाबावर उघडणारा, थेट प्रकारचा घ्या. दुसरी फसगत: साधा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बाणाच्या दिशेनेच नीट अडवतो, उलट दाबाने त्याचा दट्ट्या उचलला जाऊ शकतो. आपल्याकडे तर दाब दोन्हीकडून येतो. यापेक्षा छोट्या सर्व्होच्या (रिमोटच्या इशाऱ्यावर हात फिरवणाऱ्या मोटरीच्या) हाताने सिलिकॉन नळी चिमटणं कितीतरी सोपं. पाणी सर्व्होला शिवत नाही आणि अडवण्याला दिशा नसते.

वाळू हा गिअर पंपाचा वैरी. एक कण दातांत अडकला की मोटर जागच्या जागी थांबते आणि करंट नेहमीच्या कित्येक पट होतो. फ्यूज नसेल तर आधी स्पीड कंट्रोलर (मोटरीचा वेग आणि दिशा सांभाळणारं सर्किट) जळतो. तोंडाला बारीक स्टीलची जाळी हवीच, आणि तिचं क्षेत्रफळ नळीच्या तोंडाच्या अनेक पट ठेवा, नाहीतर एक पान चिकटलं तरी तोंड बंद. क्षारांचं पाणी आत वाळलं तर पुढच्या वेळी दाते चिकटलेले मिळतात. दिवस संपला की स्वच्छ पाणी ओढून पंप काही सेकंद दोन्ही दिशांना फिरवायचा.

रोलर पंप, म्हणजेच पेरिस्टाल्टिक

इथे रोलर नळी दाबत पुढे सरकतात. पाणी नळीशिवाय कशालाच शिवत नाही, त्यामुळे शाफ्टचं सील नाही, की वाळूने अडकणारा दाता नाही. कोरडा फिरला तरी लगेच बिघडत नाही, हवा आली तरी पाणी उचलतो, उलटाही चालतो. मुख्य म्हणजे थांबल्यावर एक तरी रोलर नळी चिमटून बसलेला असतो. पाणी जागेवर राहतं, वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. दोन रोलरपेक्षा तीन रोलरचं डोकं (रोलर आणि नळी असलेला भाग) बरं.

किंमत मोजावी लागते ती वेळात. स्वस्त, छोटे १२ व्होल्टचे रोलर पंप मिनिटाला १०० मिलीच्या आसपास देतात. ४०० मिलीला चार मिनिटं! तलावाच्या काठावर उभ्या माणसाला ही चार मिनिटं फार लांब वाटतात. मोठ्या डोक्याचे पंप वेगवान असतात, पण कप्प्याच्या व्यासात मावतात का ते आधी मोजा.

संथ पंप म्हणजे धोका, असं मात्र सरसकट नाही. टाकी पूर्ण भरल्यावरही पेरिस्कोपचं टोक पाण्याबाहेर राहील इतका तरंगपणा शिल्लक ठेवला आणि बोट फिनने (बाजूच्या आडव्या पंखांनी) खाली नेली, तर वर यायला थोडेच मिली उपसावे लागतात. संथ पंप नडतो तो कप्प्यात गळती सुरू झाल्यावर.

रोलर पंपाची खरी भीती नळी फुटण्याची. डोकं कोरड्या कप्प्यात असतं, त्यामुळे फुटलेल्या नळीचं पाणी थेट बॅटरीजवळ. नळी आधी सांगून जाते: बाजूंना पांढरट रेघा, चपटेपणा, कमी झालेला प्रवाह. हंगामाच्या सुरुवातीला नळी बदलून टाकावी. महिनोन् महिने एकाच जागी दाबून राहिली तर ती तशीच बसते, म्हणून बोट ठेवून देताना डोकं सोडवून ठेवा.

बाकीचे दोन

डायफ्राम पंप पाणी छान उचलतो, पण एकाच दिशेने. भरायला एक, उपसायला दुसरा, अशी जोडी लागते. वर त्याचे आतले झडप-पडदे फक्त उलटा प्रवाह अडवतात. सुलट्या दिशेने दाब आला तर बंद पंपातूनही पाणी जातं, म्हणजे खोलात गेल्यावर भरणारा पंप न सांगता भरत राहतो. गाडीच्या काचेवर पाणी मारणारा वॉशर पंप स्वस्त आणि जोरदार असतो, पण बंद झाला की उघडा पाइपच समजा. हवा धरली तर पाणी सोडतो आणि शाफ्टचं सील झिजलं की मोटरीत पाणी. उघड्या, हवा बाहेर सोडणाऱ्या टाकीत, तेही व्हॉल्व्ह लावून ठीक. पिशवीला आम्ही तो सुचवणार नाही.

मग कोणता?

लहान बोट, २०० मिलीच्या आतला बॅलास्ट, वायरिंगची फार हौस नाही: रोलर. ३०० मिलीच्या वर, पाणी स्वच्छ आणि सर्व्होसाठी एक चॅनेल मोकळा: गिअर पंप आणि चिमटा. गढूळ तलाव असेल तर मोठा का होईना, रोलरच.

बसवताना

जुना पंप काढण्याआधी त्याचं वजन करा आणि त्याची जागा मोजून ठेवा. नवा ६० ग्रॅमने जड निघाला तर तेवढं शिसं त्याच जागेजवळून काढायचं, नाहीतर नाक किंवा शेपूट खाली जाते. पंप शक्य तितका खाली, रबराच्या पट्टीवर ठेवा. कडक बसवलेला गिअर पंप सगळं आवरण घुमवतो. प्रत्येक काटेरी जोडावर क्लिप हवी. नळी नुसती घट्ट बसलीय एवढ्यावर विसंबू नका.

मोटरीच्या टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर आणि प्रत्येक टोकापासून मोटरीच्या डब्याला एकेक, असे तीन जोडा. ब्रशच्या ठिणग्यांनी रिसीव्हर गोंधळतो, आणि पाण्याखाली सिग्नल आधीच अशक्त असतो. (आजच्या रिमोटचा २.४ गिगाहर्ट्झ सिग्नल पाण्यात जवळपास शिरतच नाही, म्हणून मॉडेल पाणबुड्या अजून जुन्या मेगाहर्ट्झ बँडवर चालतात.) फ्यूज पंपाच्या चालू करंटच्या दीडपट-दुप्पट घ्या. करंट मात्र पाणी ओढत असताना मोजायचा, हवेत नव्हे.

एक बारीक गोष्ट पुष्कळांना नडते. मोटारगाडीसाठी बनवलेले अनेक स्पीड कंट्रोलर पहिल्या उलट इशाऱ्याला ब्रेक समजतात. मधे शून्यावर येऊन पुन्हा उलट इशारा दिला तरच मोटर उलटी फिरते. सिग्नल तुटल्यावर फेलसेफ (आपोआप ठरलेला इशारा देणारी सोय) एकदाच इशारा देतो. तो ब्रेक ठरला तर टाकी उपसलीच जाणार नाही. म्हणून वायरी अशा जोडा की कंट्रोलरची ‘पुढे’ दिशा म्हणजे उपसणं. मग टबात टाकी भरता-भरता ट्रान्समीटर बंद करा. पंप स्वतःहून दिशा बदलून टाकी रिकामी करतो आणि चिमटाही उघडा राहतो, हे डोळ्यांनी पाहा.

शेवटी कप्पा बंद करून टाकी भरा, वीज तोडा आणि बाहेरच्या तोंडाची नळी मोजपात्रात सोडून अर्धा तास थांबा. ५ मिलीहून जास्त पाणी जमलं तर चिमटा किंवा व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही. बोट तलावावर नेण्याआधी तेच पुन्हा तपासा.