दादरचा लॉज खरा होता, नंबर खोटा

लॉज खरा आहे. दादर पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाता येईल इतका जवळ. फोटो खरे, खाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय खरे, 'पंख्याचा आवाज फार येतो' ही तक्रारसुद्धा खरी. ऑनलाइन नकाशावर त्याच्या नावाखाली असलेला मोबाईल नंबर तेवढा भलत्याच माणसाचा होता. परभणीहून मुंबई बघायला निघालेल्या आमच्या घराचे २३,४८० रुपये त्या नंबरापायी गेले. सुट्ट्या लागल्या की बरेच जण असेच बेत आखतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही सहा जण होतो. ताई, दाजी, त्यांची दोन मुलं, आई आणि मी. मुंबईत कुणीच नाही असं नाही. दाजींचा मावसभाऊ कळव्याला राहतो, पण वन रूम किचनमध्ये त्याचंच कुटुंब दाटीवाटीनं राहतं, त्यात आपण सहा जण जाऊन पडायचं हे ताईला पटेना. म्हणून तीन रात्रींसाठी लॉज. राणीची बाग, गेटवे, घारापुरीची लेणी, म्युझियम असा सगळा बेत, आणि खर्चाचा हिशेब दाजींच्या डायरीत आधीच मांडलेला. घारापुरी सोमवारी बंद असते म्हणून सोमवार राणीच्या बागेला धरा, ती बुधवारी बंद असते, असली टिपणं काढणारा हा माणूस. आयुष्यभर ऑफिसात पावत्या तपासल्या आहेत.

'दर फारच कमी असेल तर संशय घ्या' असं आपल्याला नेहमी सांगतात. इथे दर कमी नव्हता. सहा जणांच्या खोलीचे रात्रीला २,८०० सांगितले, वर दोन गाद्यांचे वेगळे. दाजींनी घासाघीस केली. पलीकडचा माणूस आधी 'परवडत नाही' म्हणाला, मग 'मालकाला विचारतो' म्हणून फोन धरून ठेवायला लावला आणि अखेर गाद्यांसह २,५०० वर आला. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. ज्याच्याशी भाव करून आपण तीनशे रुपये सोडवून घेतले, तो लबाड असेल असं मनातही येत नाही. हिंदीत बोलत होता, पण मुंबईत लॉजवर हिंदी ऐकून कोण चमकतो?

निम्मे आगाऊ, म्हणजे ३,७५० रुपये क्यूआर कोडवर पाठवले. पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं, ते लॉजचं नव्हतं, कुणा बाईमाणसाचं होतं. 'अकाउंटंट मॅडमचं खातं आहे' असं उत्तर तयार होतं. पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर पावती आली. लॉजचा लोगो, जीएसटी नंबर, खाली शिक्का. असली पावती घरच्या मोबाईलवरही बनवता येते.

देवगिरी एक्सप्रेसनं सकाळी दादरला उतरलो. बाहेर एक टॅक्सीवाला 'लॉजवर सोडतो, चारशे द्या' म्हणून मागे लागला. फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळीचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपयांवर सुरू होतं, सामानाचे थोडे वर. हा आकडा माहीत असला की नुसतं 'मीटरनं चला' म्हणायचं, अर्धी कटकट मिटते. आम्ही चालतच गेलो.

काउंटरवर रात्रपाळीचा पोरगा होता. त्यानं वही चाळली आणि 'या नावाचं काही नाही, मॅनेजर नऊला येतील' एवढं सांगून पुन्हा डोकं टेकवलं. आई जिन्याच्या पायरीवर बसलेली, धाकट्याला बाथरूमला जायचं होतं, मी बॅगांपाशी. दाजींनी पावतीवरच्या नंबरला फोन लावला.

मोठा डल्ला पडला तो इथे. फोनवरचा माणूस बिलकुल गडबडला नाही, उलट त्यानंच माफी मागितली. 'सिस्टीममध्ये एंट्री कॅन्सल दिसतेय, आधी रिफंड घ्या, मग नव्यानं बुकिंग टाकतो, रूम तुमचीच आहे.' रिफंडसाठी त्यानं नवा क्यूआर पाठवला आणि रकमेच्या चौकटीत ९८६५ टाकायला सांगितलं. 'ते पैसे नाहीत, तुमचा रिफंड कोड आहे.' दाजींनी आकडा टाकला, पिन टाकला आणि ९,८६५ रुपये गेले. 'अरेरे, सर्व्हर अडकला. पुन्हा तोच कोड टाका, दोन्ही रकमा एकदम परत येतील.' पुन्हा तेवढेच गेले. तिसऱ्यांदा त्यानं आपल्या फोनची स्क्रीन त्याला दिसेल असं ॲप उतरवून घ्यायला सांगितलं, तेव्हा ताईनं हातातून फोन ओढला आणि बंदच करून टाकला.

पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही. हे दाजींना माहीत होतं, त्यांनी ऑफिसात इतरांना सांगितलेलंही आहे. पण रात्रभराचा प्रवास, दारात ताटकळलेली माणसं आणि आधीचे पावणेचार हजार सोडवायची घाई, या तिन्हींचा अंदाज पलीकडच्याला पुरता होता. म्हणून बुकिंगच्या वेळी तो थोडक्यावर खूश राहिला.

नऊला मॅनेजर आले. पावती बघून त्यांनी भिंतीवरच्या फळीकडे बोट केलं. 'आम्ही ऑनलाइन ॲडव्हान्स घेत नाही.' खाली ०२२ पासून सुरू होणारा लँडलाइन नंबर. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा हे त्यांनीच सांगितलं, आणि हे मात्र लगेच करण्यासारखं काम आहे. तिकडे बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारतात. तो यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो, फोन लावण्याआधी कागदावर उतरवून ठेवा. तक्रार नोंदली गेल्याचा मेसेज आला. शेवटचे ९,८६५ समोरच्या खात्यात गोठवले गेले, बाकीचे तोवर पुढे सरकले होते. गोठलेलेही अजून हातात आलेले नाहीत, बँक आणि पोलीस ठाणे यांच्यात अर्ज फिरतोय.

हे फक्त लॉजपुरतं नाही. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामची राहण्याची सोय, टॅक्सी यांच्या खोट्या बुकिंगबद्दल केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं एप्रिल २०२५ मध्येच सावध केलं होतं. मुंबईत कमी खर्चात राहायचं असेल, तर कन्फर्म तिकीट असलेल्यांना रेल्वेची रिटायरिंग रूम आयआरसीटीसीवरून मिळू शकते. लॉजच हवा असेल तर फोनवर पाठांतरात नसलेलं काहीतरी विचारा. टिळक पुलावरून उतरलो की डावीकडे वळायचं की उजवीकडे? समोर कसलं दुकान आहे? काउंटरवरचा माणूस झोपेतही सांगेल. दुसरा 'लोकेशन पाठवतो' म्हणेल. आगाऊ रक्कम मागितलीच, तर बँकेतलं नाव लॉजचं नसताना एक रुपयाही पाठवू नका.

सामान घेऊन आम्ही डाऊनची स्लो लोकल पकडली आणि कळव्याला गेलो. मावसभावाच्या बायकोनं आधी चहा दिला, मग इतके दिवस कळवलं का नाही म्हणून दाजींना झाडलं. गेटवे, म्युझियम तिथूनच ये-जा करून बघितलं.

मध्यंतरी मॅनेजरांशी बोलणं झालं. नकाशावरची माहिती कुणीही 'दुरुस्त' करून पाठवू शकतं, त्यामुळे ते तिथे स्वतःचा खरा नंबर टाकून घेतात आणि काही आठवड्यांनी तिथे पुन्हा कुणाचा तरी मोबाईल चढतो. आता त्यांनी लॉजच्या पाटीचाच फोटो तिथे टाकलाय, लँडलाइन नंबर ठळक दिसेल असा. पण फोटो उघडून बघणारे थोडेच, बाकीचे नावाखालचं फोनचं बटण दाबतात.